अलिबागचे समुद्रदर्शन व एक चुकलेले त्रैराशिक

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी देवळीच्या बाजारपेठेत बी-बियाणे व खतांचे दुकान चालवितो. गेल्या वर्षी कोण्या एका कंपनीने आपल्या विक्रेत्यांस बक्षीस म्हणून थायलंड देशाची सफर घडविली, तीत त्याचाही समावेश होता. परत आल्यावर हा गृहस्थ जुन्या शाळेस भेट द्यावी म्हणून आमच्या नवव्या वर्गात आला आणि पटाया नामक समुद्रकाठच्या नगराचे वर्णन त्याने मोठ्या रसाने केले. बँकॉकपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवरील हे स्थळ साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कोळ्यांचे साधे खेडे होते व आज तेथे जगभरच्या प्रवाशांची जत्रा भरलेली असते; तेथे १९८१ साली आरंभिलेले व अद्याप कोरीव काम चालूच असलेले एक प्रचंड लाकडी मंदिर आहे; होडीतून जाऊन पोवळ्यांचे बेट पाहता येते; इत्यादी सर्व त्याने सांगितले, आणि भ्रमणध्वनीवरील चित्रे मुलांच्या हाती दिली. निळे पाणी पाहून वर्ग अगदी स्तब्ध झाला. तेवढ्यात मागल्या बाकावरून एका मुलाने मला विचारले, "सर, तुम्ही समुद्र पाह्यला काय जी?"

प्रश्न निष्कपट होता, परंतु मला तो फार लागला. मी वयाची त्रेचाळीस वर्षे ओलांडली आहेत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचा मी पदवीधर. वीस वर्षे मी मुलांस भूगोल व मराठी शिकवीत आलो आहे. या वीस वर्षांत फळ्यावर खडूने चंद्र, सूर्य व पृथ्वी यांची वर्तुळे काढून भरती-ओहोटीचा पाठ मी किती वेळा दिला असेल त्याची गणती नाही. आणि समुद्र मात्र मी एकदाही पाहिलेला नव्हता. मुंबईस जाण्याचे दोनदा ठरले आणि दोनदा राहिले. वर्धा जिल्हा म्हणजे हिंदुस्थानच्या नकाशाचे पोटच. पूर्वेचा समुद्र घ्या की पश्चिमेचा, दोन्ही सारखेच दूर. आमच्याकडे पाण्याचा विस्तार म्हणावयाचा तर यशोदेचा पावसाळी पूर किंवा धरणाचा जलाशय. "नाही पाहिला," असे मी उत्तर दिले. मुले हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते.

त्या दिवशीच शालेय सहल समुद्रकाठी न्यावयाची असे मी मनाशी ठरविले. पटाया आमच्या आवाक्याबाहेर. गोवाही खर्चाच्या मानाने दूर. शेवटी अलिबाग निश्चित झाले. ते रायगड जिल्ह्याचे मुख्य ठाणे आहे. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नावच कुलाबा होते. मुंबईच्या लोकांस हे सुटीच्या दिवशी हवा पालटण्याचे स्थान म्हणून ठाऊक आहे, आणि आसपास वीस-पन्नास किलोमीटरांत पाहण्याजोगे इतके आहे की चार दिवस अपुरे पडावेत.

वर्गणीचा प्रश्न निघाला तेव्हा ज्याने मला तो प्रश्न विचारला होता त्याच मुलाचे नाव यादीत आले नाही. त्याचे वडील वारलेले. आई व आजी कापूस वेचण्याच्या मजुरीवर जातात. शिक्षकांनी आपसांत त्याची रक्कम भरली व मी घरी जाऊन आजीची परवानगी मागितली. तिने एकच अट घातली. नातवाच्या हाती रिकामी पाण्याची बाटली देऊन ती म्हणाली, "समुद्राचं पाणी आणजो. खारं असते म्हंतेत, चाखून पाह्यतो." या बाटलीचा उल्लेख पुढे येणार आहे.

मार्गशीर्ष वद्य पक्षात चोवीस मुले, आमचे व्यायामशिक्षक आणि मी असे निघालो. वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने सुमारे साडेसातशे किलोमीटरांचा प्रवास करून सकाळी मुंबई गाठली. गेटवे ऑफ इंडियापाशी लाँचमध्ये बसून मांडवा बंदर, आणि तेथून बसने वीस किलोमीटर म्हणजे अलिबाग. लाँचमध्ये समुद्रपक्षी बरोबर उडत येत होते, मुले ओरडत होती, आणि मी कठडा घट्ट धरून बसलो होतो. पहिले समुद्रदर्शन मला असे घडले. मनात काही थोर विचार येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात पोटात ढवळत होते.

सायंकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर गेलो. येथील वाळू काळसर व घट्ट आहे, चित्रांतल्याप्रमाणे पांढरी नाही. मुलांची प्रथम थोडी निराशा झाली. परंतु ओहोटी लागली होती, आणि पाणी मागे सरकल्यावर ओल्या वाळूत सूर्यास्ताचे तांबडे प्रतिबिंब असे काही पसरले की कोणास बोलावेसे वाटेना. मग एकाने ओंजळ भरून तोंडाशी नेली व लगेच थुंकून टाकली. "अबे, खारंच हाय!" हा शोध सर्वांनी स्वतंत्रपणे करून पाहिल्यावाचून कोणी परतले नाही. मीही करून पाहिला.

किनाऱ्यालगतच एक आवार आहे. त्याकडे बहुतेक प्रवासी ढुंकूनही पाहत नाहीत, आम्हीही ते बाहेरूनच पाहिले. परंतु माझ्या मते अलिबागमधील ते एक अत्यंत नवलाचे स्थळ होय. ही भूचुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्यास एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले तेव्हा विजेच्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडणार हे उघड झाले. तेव्हा नानाभाई मूस या पारशी शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली १९०४ साली वेधशाळा अलिबागेस आणली गेली. लोखंडाचा अंश नसलेल्या साहित्याने इमारती उभारल्या. आणि दोन वर्षे मुंबई व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुनी मालिका नवीस बिनतूट जोडता यावी. ती मालिका आजही चालू आहे. मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले की, आपल्या खिशातल्या किल्लीनेसुद्धा आतला काटा हलेल काय? अशा प्रश्नासाठी सहली काढाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी वद्य षष्ठी होती, आणि आम्ही कुलाबा किल्ल्यावर गेलो. हा जलदुर्ग किनाऱ्यापासून किलोमीटरभराहून थोडा अधिक आत, खडकावर उभा आहे. भरतीच्या वेळी तो चहूकडून पाण्याने वेढलेला असतो व तेथे होडीने जावे लागते. ओहोटी असताना वाळू व खडक उघडे पडतात आणि माणसे पायी किंवा घोडागाडीतून जातात. ओहोटीची पूर्ण वेळ सव्वादहा असल्याचे आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी कळले होते. साडेनऊ वाजता निघालो व घोट्याएवढ्या पाण्यातून चालत किल्ल्याच्या दाराशी पोहोचलो.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याच्या बांधणीस हात घातला. त्याच वर्षी त्यांचा अंत झाला आणि काम संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे बनले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज या दोन दर्यावर्दी सत्तांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, ती फसली. १७२९ साली कान्होजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. १८४० साली आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले. हे सारे मी पाठ करूनच गेलो होतो. परंतु जे पाठ केलेले नव्हते तेच अधिक पाहण्याजोगे निघाले. तटाच्या बाहेरील अंगास प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत. सांध्यांत चुना नाही. लाट आदळली की पाणी त्या फटींत शिरून विखुरते व तिचा जोर मोडतो. चुन्याने बुजविलेली सपाट भिंत असती तर तिने सगळा मार छातीवर घेतला असता. आमच्या वर्गातील एका गवंड्याच्या मुलाने बराच वेळ त्या फटींत हात घालून पाहिले आणि म्हणाला, "बाबाले सांगतो."

आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. मुले दर्शनास गेली तेव्हा मी जवळच्या पुष्करिणीच्या पायऱ्यांवर बसलो. भोवती खारा समुद्र आणि मध्ये हे गोडे पाणी, हे मनास पटत नाही. पण पटवून घ्यावे लागते, कारण ते समोर असते. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा आहेत. मुलांनी त्या आंग्र्यांच्या म्हणून ठरवून टाकल्या, त्यांच्याजवळ उभे राहून वीरश्रीच्या मुद्रा धारण केल्या व छायाचित्रे घेतली. मग मी त्यांस तोफेवरील अक्षरे वाचावयास लावली. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातील एका कारखान्याचे नाव व १८४९ हे साल! आंग्र्यांचे राज्य जाऊन नऊ वर्षे झाल्यानंतरच्या या तोफा. इतिहास शिकविताना साल का लक्षात ठेवावयाचे, हे मला त्या दिवशी वेगळे सांगावे लागले नाही.

आता माझ्या चुकीकडे वळतो.

ज्या मुलाजवळ आजीची बाटली होती तो मोठा चौकस आहे. किनाऱ्यावर सापडलेली बांबूची एक काठी त्याने बरोबर आणली होती. पाणी पूर्ण ओसरले तेव्हा, म्हणजे सव्वादहास, त्याने ती किल्ल्याच्या पायथ्याशी खडकाच्या फटीत पाण्याच्या कडेला रोवली आणि चाकूने वितीवितीवर खुणा केल्या. सव्वाअकरा वाजता त्याने येऊन सांगितले, "सर, एका तासात एक वीत चढलं." मला अत्यानंद झाला. पुस्तकातील भरती प्रत्यक्ष मोजली जात होती! मी तेथेच मुलांना गोळा करून त्रैराशिक मांडले. एका तासात एक वीत, तर अडीच तासांत अडीच विती. म्हणजे मोठ्या मुलाच्या गुडघ्याएवढे पाणी. सबब पावणेएकपर्यंत किल्ल्यात राहण्यास प्रत्यवाय नाही. जेवणाचे डबे येथेच उघडावेत, चित्रे काढावीत, आणि मग सावकाश निघावे.

साडेअकराच्या सुमारास शेवटची घोडागाडी परत निघाली. गाडीवान वयस्क होता. तो मला म्हणाला, "मास्तर, निघा आता पोरांना घेऊन." मी त्याला माझे गणित समजावून सांगितले. त्याने माझ्याकडे, मग पाण्याकडे पाहिले, आणि गाडी हाकली. आमचे व्यायामशिक्षकही म्हणाले की निघालेले बरे. त्यांनाही मी गणितच ऐकविले. पदवीधर माणसाच्या हाती आकडे असले म्हणजे तो कोणाचेही ऐकत नाही.

पावणेएक वाजता दाराशी आलो, तो समोर समुद्र होता. ज्या वाटेने चालत आलो ती वाटच नव्हती. काठी जवळजवळ बुडाली होती. पाणी साडेचार विती चढले होते, म्हणजे कमरेएवढे, आणि हे खडकाच्या कडेला. मध्ये जो खोलगट पट्टा आम्ही सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडला होता तेथे किती असेल याचा अंदाज करवेना. पाणी उभे नव्हते, वाहत होते. मी मुले मोजली. तेवीस भरली.

चोविसावा पाण्यात होता. आजीसाठी पाणी किनाऱ्याजवळचे गढूळ न भरता जरा पुढचे, स्वच्छ भरावे म्हणून तो बाटली घेऊन उतरला होता. यशोदेच्या डोहात पोहणारा तो मुलगा. त्याला भीती ठाऊक नव्हती. छातीएवढ्या पाण्यात तो उभा होता, आणि आमच्याकडे येण्यासाठी पाऊल उचलले की प्रवाह त्याला आडवा लोटीत होता. मी हाक मारली. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. व्यायामशिक्षकांनी मात्र क्षणाचा विलंब केला नाही. त्यांनी चार मुलांची चादरी-पंचांची गाठ मारविली, टोक तटाशी मोठ्या मुलांच्या हाती दिले आणि ते स्वतः उतरले. सहा-सात मिनिटे लागली असतील. मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बाटली होती, झाकण लावलेली. त्याने मला पहिले वाक्य जे सांगितले ते असे: "सर, दुसऱ्या तासात दोन विती चढलं होतं जी. तुमाले सांगाले आलतो, पण तुमी चित्रं पाहत होते."

तो आला होता. मला आठवले. एका मुलाने तोफेचे चित्र काढले होते व मी त्याच्या छायाप्रकाशाविषयी बोलत होतो. "थांब जरा," असे मी त्याला म्हटले होते. वीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना किती वेळा "थांब जरा" म्हटले असेल!

पुढचे दीड तास आम्ही दाराच्या सावलीत बसून काढले. मुलांना ती मौज वाटली. सव्वादोनच्या सुमारास पाणी पुरेसे चढल्यावर होड्या येऊ लागल्या. आम्हास नेणाऱ्या कोळीबाबांनी माझी हकीकत ऐकून घेतली, हसले नाहीत, आणि वल्ही मारता मारता जे सांगितले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचलेले नव्हते. भरतीचे पाणी सारख्या चालीने चढत नाही. पहिल्या तासात ते नुसती कूस बदलते. दुसऱ्यात उठून बसते. तिसऱ्या व चौथ्या तासांत धावते. मग पुन्हा मंदावते. शहरात आल्यावर मी शोध घेतला, तेव्हा कळले की जगभरचे नावाडी हाच हिशेब धरतात. एकूण चढाचे बारा भाग मानले तर सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. आमच्या काठीवर पहिल्या तासात एक वीत, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्याच्या अर्ध्यात दीड; बेरीज साडेचार. समुद्राने हिशेबात रेसभरही चूक केली नव्हती. तीन गोष्टी माहीत असता चौथी काढण्याच्या माझ्या घाईत, चाल एकसारखी असेल तरच त्रैराशिक लागू पडते ही पहिली अट मी विसरलो होतो. आणि ती मी दरवर्षी सातवीस शिकवितो.

त्या गृहस्थांनी आणखी एक कोष्टक दिले. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. षष्ठी म्हणजे सहा. त्याची पाऊणपट साडेचार. म्हणून भरती साडेचारला आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सव्वादहा-साडेदहास. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो म्हणून पाणीही उशिरा येते, हे मी जाणत होतो. पण माझे ज्ञान वर्तुळांत होते, त्यांचे बोटांवर.

त्या रात्री मला झोप आली नाही. व्यायामशिक्षक म्हणाले, घरी काही सांगू नका, उगीच पालक घाबरतील. मी मुख्याध्यापकांस पत्र लिहून सर्व कळविले व परतल्यावर त्या मुलाच्या घरी स्वतः जाण्याचे ठरविले. सहल मोडून परत फिरावे असेही मनात आले. परंतु सकाळी मुले तयार होऊन उभी होती आणि त्यांच्या चेहऱ्यांवर काल काही घडल्याची खूणही नव्हती. आम्ही पुढे निघालो.

गावातून जाताना इस्रायल आळी व तेथील मागेन अबोथ हे यहुदी प्रार्थनामंदिर पाहिले. फार प्राचीन काळी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी तेवढी वाचली व त्यांच्यापासून बेने इस्रायल समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले ते याच लोकांसाठी. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलात गेली, पण तेथेही ती मराठी बोलत राहिली आणि मायबोली नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी काढले. अलिबाग हे नावही अली नामक एका धनिक बेने इस्रायलीच्या बागांवरून पडले असे म्हणतात.

तेथून दक्षिणेस चार-पाच किलोमीटरांवर अक्षी. या गावचा शिलालेख शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा असून, सालाचा स्पष्ट उल्लेख असलेला मराठीचा आद्य लेख म्हणून अनेक अभ्यासक त्यास मान देतात. शिलाहार राजा केसिदेव व त्याचा प्रधान भइर्जु यांची नावे त्यात आहेत, आणि विषय काय, तर देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य द्यावे. मराठीचा जन्मदाखला पाहावयास मिळणार म्हणून मी भारावून गेलो होतो. शिळा मात्र साधी, अक्षरे झिजलेली. वर चंद्र-सूर्य तेवढे ओळखू येतात. मुलांनी दोन मिनिटे पाहिले व नारळीकडे धाव घेतली. धान्याच्या हिशेबापासून आपल्या भाषेचे लिखाण सुरू व्हावे हे मला तरी फार आवडले. आमच्या देवळीकडचे लोकही लिहावयाचे म्हटले की प्रथम तेच लिहितात.

रेवदंडा येथे पोर्तुगिजांच्या तटात शिरलो. १४६९ साली अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन याच भागात, चौल बंदरी, उतरला होता. त्याचे स्मारक रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात आहे, हे पाहून शिक्षक या नात्याने मला समाधान वाटले. सातखणी मनोरा उंच, उजाड, माडांच्या वर डोके काढून उभा आहे.

कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. डोंगराचे टोक समुद्रात शिरलेले, त्यावर किल्ला, पायथ्याशी दीपगृह व कोळ्यांची वस्ती. प्रवासी किल्ला पाहतात. मी भाषा ऐकावयास गेलो होतो. येथील ख्रिस्ती वस्तीत आजही एक बोली बोलली जाते, ती पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. तिला ते नौ लिंग म्हणतात, म्हणजे 'आमची जीभ'. पोर्तुगीज १७४० साली हा मुलूख सोडून गेले. पण घरातली भाषा गेली नाही. १९९६ साली क्लेमेंट्स नामक अमेरिकन पंडितांनी या बोलीवर ग्रंथ लिहिला. मौज अशी की शब्द बहुतांशी पोर्तुगीज असून क्रियापद मात्र मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसू लागले आहे. विहिरीवर दोन स्त्रिया बोलत होत्या. एक शब्द समजत नव्हता, पण हेल मराठी होता. मी अदबीने विचारले तेव्हा एक आजीबाई शुद्ध मराठीत म्हणाल्या, "शाळेत मराठी, घरात ही. नातवंडे आता दोन्ही विसरतात." मी व्याकरण शिकविणारा माणूस, माझ्याजवळ त्यांना देण्याजोगे उत्तर नव्हते.

चौथ्या दिवशी जंजिरा पाहिला. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीतून जावे लागते. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. एकोणीस बुरूज, कलालबांगडी ही अवाढव्य तोफ, आत गोड्या पाण्याचे तलाव. सिद्द्यांचा हा किल्ला मराठ्यांस कधी घेता आला नाही आणि संस्थान १९४८ सालीच विलीन झाले. याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, मी अधिक लिहीत नाही. होडीत बसण्यापूर्वी त्या मुलाने तिथी विचारून भरतीची वेळ काढली व नावाड्याकडून तपासून घेतली, एवढे मात्र नमूद करतो.

देवळीस परतल्यावर दुसऱ्याच सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. मायलेकी कापूस वेचून नुकत्याच आल्या होत्या. मी काही न लपविता सर्व सांगितले व क्षमा मागितली. आईने पदर तोंडाशी धरला. आजीने बराच वेळ काही म्हटले नाही. मग नातवास म्हणाली, "आण ती बाटली."

तिने तळहातावर थोडे पाणी ओतून घेतले, जिभेस लावले, तोंड वाकडे केले. बाटली दिव्यासमोर धरून तिने पुन्हा पाहिली. "केवढा हाय म्हंता समुद्र?" तिने मला विचारले. मी म्हणालो, "आजी, नजर पोहोचते तेथपर्यंत, आणि त्याच्याही पुढे."

"अन् येवढ्या पाण्यातलं थेंबभर वावरात टाकता येत नाही?"

यंदा आमच्याकडे पावसाने पोळ्यानंतर तोंड फिरविले होते. मी नाही म्हणून मान हलविली. उरलेले पाणी तिने शाळेस दिले. अर्ध्या लिटरचे पाणी आम्ही परातीत उन्हात आटविले. सतरा ग्रॅम मीठ निघाले. ते प्रयोगशाळेच्या कपाटात, त्या बांबूच्या काठीशेजारी ठेवले आहे.